गावाकडचं कुलूप

हसू नका रे, जनगणनेच्या ड्युटीवर माझं डोकं कसं फिरलं ते ऐका. भाईंदरच्या खारी गावात एका बिल्डिंगमध्ये एक काका राहतात, मूळचे रत्नागिरीचे. मुलं जन्मली तीसुद्धा इथंच. मला दारातच म्हणाले, "बाई, आमची नावं इथं नका लिहू. आम्ही गावचे. तिकडे मोजतील आम्हाला."

"गावाला कोण असतं?"

"कुलूप. गणपतीला नि शिमग्याला जाऊन उघडतो."

"मग तिकडे मोजणार कोणाला, कुलपाला? जिथं राहता तिथंच मोजतात, काका!"

"आणि गावातलं नाव गेलं म्हणजे?" असं म्हणून दार लावलं. माझ्या तोंडावर!

तणतणत खाली उतरले, तर गेटवर पाण्याचा टँकर उभा. मागोमाग काका बादल्या घेऊन आले आणि ड्रायव्हरवरच खेकसले, "इतने लोग रहते हैं इधर और एक ही टँकर? हम लोग दिखते नहीं क्या किसी को?"

मी तिथूनच ओरडले, "कसे दिसणार, काका? तुम्ही गावाला आहात ना! टँकरपण तिकडेच पाठवू का, कुलूप धुवायला?"