पाळकांची खोकी

चक्कीवर रांगेत उभी होते, तर पुढची बाई कुणाला तरी सांगत होती, "पाळक सगळा पुस्तकं खोकामा भरी ऱ्हायना, आते तो..." तेवढ्यात चक्की सुरू झाली आणि पुढचं ऐकूच आलं नाही. पुस्तकं खोक्यांत भरतायत, म्हणजे पाळक गाव सोडून चालले की काय?

आमच्या खापर गावातल्या चर्चचे हे पाळक माझ्या भिंतीला भिंत लावून राहतात. त्यांची आई आणि मी रोज दुपारी मिळून धान्य निवडतो. ती गेली तर मी बोलू कुणाशी? पिठाचा डबा घेऊन तशीच त्यांच्या दारात गेले.

"गाव सोडताय म्हणे?"

"नाही हो काकू. चर्चच्या मंडळीच्या कामाची पुस्तकं ठेवतोय. बाकीची, शिकलो त्या कॉलेजला देऊन टाकतोय."

निवडायची त्यांची रीत अशी, की एक पान वाचायचं आणि आईला भिलीत सांगायचं. ती शाळेत गेलेली नाही. तिला कळलं तर पुस्तक फळीवर, नाहीतर खोक्यात. आजाऱ्याच्या घरी जाऊन कसं बसावं, ते पुस्तक लगेच फळीवर गेलं. मग देवाच्या स्वरूपावरचं जाडजूड पुस्तक आलं. ते सांगताना पाळकच दोनदा अडखळले, आईला काही कळेना. पाळकांनी ते खोक्यात टाकलं.

"काढ ते बाहेर," म्हातारी म्हणाली.

"तुला कळलं नाही ना पण?"

"तुलाच कळलेलं नाही, तर मला काय सांगशील? ठेव. परत वाच."

मग सगळी जाड पुस्तकं एकेक करून बाहेर निघाली. संध्याकाळी चक्कीवरच्या बाईला मी तिच्या घरी जाऊन सांगितलं, "खोकी भरली होती, हे खरं. पण जात कुणीच नाही, पुस्तकंसुद्धा नाहीत."