अंगावरच्या सदऱ्याचा खिसा

अब्बाजी, बहिणींनो, भावांनो,

राजापेठेतल्या आमच्या या कामाच्या खोलीत तुम्ही सगळे आलात. मला बोलायला सांगितलं आहे. काय बोलू? नईमची खुर्ची मी सकाळीच कोपऱ्यात सरकवली. मधे राहिली असती तर कुणीतरी तिच्यावर बसलं असतं, आणि ते मला बघवलं नसतं.

शनिवारी दुपारी दोन वाजता तो इथून निघाला. "ताई, अकोल्याले जाऊन येतो, अब्बाचा चष्मा बनला." एवढंच बोलला. बसमध्ये खिडकीशी बसला आणि तिथेच त्याचं हृदय थांबलं. शेजारच्याला वाटलं, झोप लागली असेल. सदतीस वर्षांचा माणूस! मलाही अजून झोपल्यासारखाच वाटतो.

अब्बाजी, दफनानंतर अकोल्याच्या जुन्या शहरातल्या तुमच्या दारात तुम्ही मला विचारलंत, "बेटी, ये आख़िर करता क्या था?" तेव्हा मला सांगता आलं नाही. आज सांगते.

आमची 'गावफळा' नावाची वेबसाइट आहे. प्रत्येक गावाला तिथे स्वतःचं पान. कपाशीवर कोणती अळी आली, चारा कुठे शिल्लक आहे, टँकर कधी येणार, ते त्या पानावर. मजकूर मी लिहायची, बाकी सगळं नईम करायचा. प्रत्येक पानाला पत्ता असतो. गाव तो पत्ता शाळेच्या भिंतीवर रंगवून घेतं. नवं गाव आलं की प्रोग्रॅममध्ये त्याचा पत्ता लिहायचा, प्रोग्रॅम बंद करायचा, पुन्हा सुरू करायचा, अशी साधी रीत. नईमला ती मान्य नव्हती.

"एका गावासाठी बाकीच्यायचं काहून बंद करू, ताई? नेटची रड पाहा. एक पान उघडाले त्यायले पाच मिनिटं लागतात. आपण मधातच बंद केलं तं बिचाऱ्यायनं पुन्हा पहिल्यापासून सुरू कराव काय?"

म्हणून त्याने अशी सोय केली की प्रोग्रॅम चालू असतानाच नवा पत्ता जोडता यावा. अब्बाजी, तो म्हणायचा, "अब्बा टेलर हायेत माये. अंगावरचा सदरा न उतरवता त्याले खिसा शिवाचा, तसं हाये हे." गावातल्या कुणालातरी फोनवर धरून ठेवायचा, पत्ता जोडायचा आणि विचारायचा, "हां, आता उघडा. दिसलं?" पलीकडून "दिसलं!" ऐकल्याशिवाय त्याने कधी फोन ठेवला नाही. कधीच नाही.

आता माझं सांगते. हे इथे, तुमच्यासमोरच सांगायला हवं.

असे जोडलेले पत्ते चालू प्रोग्रॅमच्या आठवणीतच राहायचे. प्रोग्रॅम बंद, की ते गेले. गुरुवारी नईम म्हणाला, "ताई, आज पत्त्यायची यादी साठवून घेतो. मंग बंद पडलं तरी परत आपोआप येतीन." मी म्हणाले, "उद्या कर रे. आधी ही तीन गावं जोड, लोक फोनवर थांबलेत."

त्याने माझं ऐकलं. शुक्रवारीही नवी गावंच जोडत बसला, यादी राहून गेली.

रविवारी वेबसाइट अडकू लागली. मी दफनाहून आले होते. डोकं ठिकाणावर नव्हतं. अडकलं की बंद करून चालू करायचं, एवढंच मला माहीत. मी तेच केलं. ज्यासाठी त्याने एवढा खटाटोप केला, नेमकं तेच.

अकरा गावं गेली. पानांचा मजकूर शाबूत आहे, पण तिथे पोचायची वाट नाही. भिंतीवरचा पत्ता टाकला की "सापडलं नाही" एवढंच दिसतं.

मला प्रोग्रॅम लिहिता येत नाही. पण एकेक पत्ता जोडायचा कसा, ते त्याने मला शिकवलं होतं. भिंतीवर आहे तसाच जोडावा लागतो, म्हणून गावातल्या कुणीतरी तो वाचून दाखवावा लागतो. काल बोरखेडच्या विमलबाईंचा फोन आला.

"आमचं पान दिसून नाही राहिलं. नईमभाऊले द्या."

"ते नाहीत, बाई."

"मंग कवा येतीन?"

मी शनिवारचं सगळं सांगितलं. बाई म्हणाल्या, "थांबा. शाळेपाशी जातो. भिंत पाहून सांगतो." चालताना त्यांचं रडणं मला ऐकू येत होतं. त्यांनी पत्ता वाचला, मी जोडला. आणि विचारलं, "आता उघडा. दिसलं?" ते शब्द माझे नव्हतेच.

"दिसलं, ताई."

दहा गावं राहिली आहेत.

आता आपण नईमसाठी दोन मिनिटं शांत उभे राहू. तुम्ही आपापले फोन बंद करा. माझा मात्र इथे टेबलावर चालूच राहील. वाजला तर मी उचलेन. अब्बाजी, रागावू नका. बाकीच्यांनी तसंच उभं राहायचं. एका गावासाठी सगळ्यांचं थांबवायचं नाही, हे त्याचंच सांगणं आहे.

उभे राहूया.