यंत्र बंद होतं

धोंडिराम : एकवीस पोरांच्या सह्या झाल्या, अंगठे धरून. आता तुझी राहिली. बॉयलरवाल्याचं नाव असलं तर साहेब अर्ज वाचतील तरी.

काशीराम : दादा, आधी चहा घ्या.

धोंडिराम : चहा कुठं पळतोय? ऐक, मार्तंड मास्तरांकडून काय झ्याक लिहून घेतलंय. 'आमचं पॉवरहाऊस लहान आहे, जुनं आहे. पण एकोणीस वर्षं सगळा कारखाना त्याच्यावर चालला. बाहेरची लाईन गेली तेव्हाही आम्ही एक मशीन थांबू दिलं नाही. तरी ते बंद करू नये.' बरं हाय ना?

काशीराम : बरं आहे.

धोंडिराम : मग कर की सही. तुझं काय लेका, तू परमनंट. तुला विक्रोळीच्या शेडमध्ये घेणार. माझ्या हाताखालची पोरं ठेकेदाराची. महिनाअखेर फाटकाबाहेर. त्या गुणाजीची गिरणी संपात गेली, तवा मीच त्याला कोळशाच्या यार्डात आणला. म्हटलं, विजेचं काम हाय, हे बंद पडत न्हाई. आता त्याच्याकडं बघवत न्हाई मला.

जानकी : दादा, सुलू कशी आहे?

धोंडिराम : हाय बरी. धाप लागते अधनंमधनं. माझी सून जया तिला मांडीवर उभी धरून बसते, आडवं पडलं की श्वास घेता येत न्हाई तिला. तीन वर्षांची पोर.

जानकी : ऐकलात?

काशीराम : जानकी, तू आत जा.

धोंडिराम : राहू दे तिला. मला एवढंच कळत न्हाई, धुराच्या तपासणीवाल्याचे कान भरले कुणी? भोपाळपासून सगळे घाबरलेत, कबूल. पण तो माणूस आला, सगळं बघितलं, वहीत ठीक म्हणून लिहिलं, गेला. आणि अर्ध्या तासात परत, त्यातनंच हे बंद करायचं निघालं! कुणी सांगितल्याशिवाय परत येतो व्हय? तो चुगलखोर सापडू दे मला.

जानकी : सांगा ता एकदाचा. किती दिस पोटात ठेवतलात?

धोंडिराम : काय सांगायचंय?

काशीराम : मी सांगितलं त्याला. जिन्यापर्यंत सोडायला गेलो होतो. म्हटलं, साहेब, आत्ता जाऊ नका. कोपऱ्यावर चहा प्या आणि परत येऊन चिमणी बघा.

धोंडिराम : चेष्टा नको करू.

काशीराम : चेष्टा नाही, दादा. चिमणीच्या आधी राख पकडायचं यंत्र आहे ना, ते दोन वर्षं बंद होतं. त्याला वीज लागते. तेवढी वीज मॅनेजरला नव्या शेडसाठी हवी होती. तपासणी असली की चालू करायचं, माणूस गेला की बंद.

धोंडिराम : बंद कोण करायचं?

काशीराम : मी.

धोंडिराम : दोन वर्षं?

काशीराम : हुकूम होता. पण हात माझाच होता. सगळी राख आपल्या चाळीवर यायची. बायका वाळत घातलेले कपडे झटकायच्या, मी खिडकीतून बघायचो. वाटायचं, कपडेच तर आहेत, धुता येतात.

धोंडिराम : आणि मग एकदम देवमाणूस झालास?

काशीराम : सुलूला घाटकोपरच्या दवाखान्यात नेलं तेव्हा मी टॅक्सीत होतो ना तुमच्याबरोबर. डॉक्टरांनी विचारलं, घरात धूळ, धूर कसला येतो? तुम्ही काय बोललात, आठवतं?

धोंडिराम : बोललो, की मी कोळशात काम करतो. माझ्याच कपड्यांनी घरात येत असंल.

काशीराम : मी बाजूला उभा होतो. तोंड उघडलं नाही.

धोंडिराम : त्या दिवसापासनं मी नळावर आंघोळ केल्याशिवाय उंबरा चढलो न्हाई. पाच महिने. पोर दारातनं हात पुढं करायची, आणि मी तिला म्हणायचो, लांब हो.

जानकी : दादा, यांना हे कळलं तेव्हापासून जेवत नाहीत नीट.

धोंडिराम : नको जेवू दे.

(धोंडिराम अर्जाची घडी घालून खिशात ठेवतो.)

काशीराम : मला वाटलं, दंड करतील, यंत्र चालू ठेवायला लावतील. बस. कंपनी म्हणेल, या जुन्या धुडावर खर्च नको, बाहेरची वीज घेऊ, बॉयलर भंगारात काढू, हे डोक्यातच आलं नाही. खरंच नाही, दादा.

धोंडिराम : तुला काहीच कसं कळत न्हाई रे? पॉवरहाऊस चालू होतं तवा माझी नात घुसमटली. बंद करवलंस तर माझी पोरं उघड्यावर. आणि तू दोन्ही वेळा पगारावर.

काशीराम : विक्रोळीची बदली नको म्हणून सांगतो उद्या.

धोंडिराम : म्हणजे गुणाजीच्या घरी चूल पेटंल? गप. बदली घे. जानकीनं काय केलंय तुझं?

काशीराम : मग मी काय करू, सांगा. अर्जावर सही करू?

धोंडिराम : आता कशी करशील? आणि ज्याची राख माझ्याच दारात पडते, ते चालू ठेवा म्हणून मी तरी कुठल्या तोंडानं मागू? पण त्या एकवीस जणांना न्हाई म्हणायलाही तोंड न्हाई.

जानकी : यंत्र लावून चालवा, असं नाही का लिहिता येत?

धोंडिराम : येईल. साहेब वाचतील आणि हसतील. तरी लिहून बघतो मास्तरांकडनं.

काशीराम : मी येतो बरोबर. दोन वर्षं बंद होतं, मीच बंद करत होतो, हेही लिहितो त्यात.

धोंडिराम : साहेबाला नंतर लिही. आधी पोरांना सांग. उद्या दुपारी यार्डात डबे उघडतील तवा ये. माझ्या तोंडनं वदवू नको.

काशीराम : येतो. तुम्ही असाल ना तिथं?

धोंडिराम : असंन. पण तुझ्या बाजूला बसणार न्हाई.