पेपरात छापलेली अकराची वेळ

सकाळचे आठ वाजले होते. अमरावतीत घरी चहा घेत असताना कॅनडाहून सुधाकरचा फोन आला. हा माझा कॉलेजपासूनचा दोस्त, बावीस वर्षं तिकडेच आहे.

"अण्णा फोन काहून नाही उचलून राहिले?"

त्याचे वडील अण्णा आदल्या दुपारी अकोल्यात वारले होते. मी पत्रकार, म्हणून त्याच्या धाकट्या भावानं, विजयनं, निधनवार्ता छापायला माझ्याकडेच दिली आणि वर बजावलं, "दादाले सांगू नका. तिकडं एकटा हाय."

मी म्हणालो, "झोपले असतील."

"तुह्याच पेपरात वाचलं, लेका! मोबाईलवर. अंत्यसंस्कार अकराला. अन् तू मले झोपले म्हनून सांगून राहिला?"

तीस वर्षं मी पुढाऱ्यांचं खोटं पकडत आलो. त्या सकाळी मीच पकडला गेलो.

"विजय म्हणे, तू तिकडं एकटा..."

"एकटा? बाजूले केनियाचा जोसेफ बसला हाय. मराठीचं अक्षर येत नाही त्याले, पन माहा हात सोडला नाही त्यानं. तू अकोल्याले जाय. मले अण्णाचं तोंड दाखव."

मी तशीच गाडी काढली. साडेदहाला स्मशानात पोचलो, तर चिता अर्धी जळाली होती. व्हिडिओ कॉलवर सुधाकरला तेवढीच दाखवली.

विजयला धरलं. "अकरा तूच छापायला सांगितले ना? मग दहालाच काहून उरकलं?"

"पाहुण्यायले घाई होती."

पाहुण्यांना विचारलं. ते म्हणाले, विजयनंच घाई केली.

वर्ष झालं. घाई कोणाला होती, ते अजून कोणी सांगितलेलं नाही.