बोलणं माझं न्हाई

...अन् वर ठाण्यातला साहेब मलाच इचारतो, "काका, आवाज तुमचाच हाय ना?" हाव, आवाज माझाच हाय! बोलणं माझं न्हाई!

तुम्हाला सांगतो, मी शरणप्पा, जिंदगीभर बैलबाजारात सौदे लावले, रुमालाखाली हात धरायचा, बोटं दाबायची, जमलं की मान हलवायची, भाव तोंडानं कधी काढला न्हाई, घरात बायकोला, बसम्माला सुद्धा न्हाई... अन् त्या मोबाईलातला शरणप्पा, माझंच तोंड, माझ्याच मिशा, जगाला ओरडून भाव सांगून राहिला! "देवणी बैलांची अस्सल जोडी, घरपोच, माझी जबान हाय, बयाना धाडा!" एआय म्हणं. कंप्युटरनं केलं म्हणं.

धाडला की बयाना! कुणी? माझ्या इवायानं! उदगीरचा शिवप्पा, माझ्या मंजुश्रीचा सासरा, त्याच रुमालाखाली माझा हात धरून म्हातारा झालेला माणूस! अरं, मी भाव बोललो तवाच वळखायचं न्हाई का? बैल आले न्हाईत. मग पंचमीला लेक बी आली न्हाई. "ज्याच्या जबानीचा भरवसा न्हाई, त्याच्या दारात सून कशाला धाडू?" बसम्मानं लिंबाला झोका बांधून ठेवला होता... रिकामाच हलून राहिला.

ठाण्यातला साहेब म्हणला, "तपासाला आवाजाचा नमुना लागतो, ह्याच्यात बोला." म्हणलं, आधी गेलेला परत आणा, मग नवा मागा! मागल्या साली असेच दोघं मोबाईल घेऊन आलते, "आप्पा, देवणीवर बोला," मी दुपारभर बोललो, त्यांनी सगळं भरून घेतलं. चहा बी माझाच!

लातूरला उज्वला वकीलबाई हायेत. म्हणल्या, "आप्पा, परवानगीबिगर आवाज वापरू नका, असे हुकूम मिळालेत की कोर्टातून. नटांना. तुमचं तसं नाव हाय, हे दाखवावं लागल."

नाव? बाजारात जाऊन बैलाला इचारा!

तो व्हिडिओ काढून टाका म्हणून ॲपच्या कंपनीला लिवलं, तर कंपनी म्हणती, हा माणूस तुम्हीच, कशावरून? घ्या! ठाण्यात आवाज माझा, कंपनीत तोंड माझं न्हाई... अन् बोलणं तर कुठंच माझं न्हाई!

शेवटी हात जोडून इवायाला फोन लावला. "शरणार्थ, इवाई. माझ्यावरला राग लेकीवर काढू नका. तिची माय झोका सोडीना. धाडा तिला."

तर इवाई म्हणला,

"आवाज तुमचाच हाय, आप्पा. बोलणं तुमचं, कशावरून?"

ठेवला फोन. आता त्याला शिवी तरी कोणत्या तोंडानं देऊ?

उद्या उदगीरच्या यष्टीत बसतो. दारात जाऊन चकार शब्द बोलणार न्हाई. खांद्यावरला रुमाल पसरीन, हात पुढं करीन... बोटं तेवढी अजून माझी हायेत. कुणाच्या ध्यानात यायच्या आत वापरून घेतो.