बाप्तिस्त टेलरचा टिकाऊ कोट

कणकवली स्टँडवर मालवण गाडीच्या रांगेत लीलाताईंनी नाकाला पदर लावला. पुढे बाप्तिस्त टेलर काशिनाथाला अंगातला जाड, लवदार कोट दाखवत होता.

"रापणकारांक, दर्यातली जाळी ओढणाऱ्यांक, थंडीचे कोट शिवूचे होते. कापड टिकाऊ होया, म्हणान आधी एकच शिवलंय."

"बरा केलंस. मगे?"

"दगडार आपटलंय, खाऱ्या पाण्यात भिजवलंय. लव सुटूक नाय!"

"मगे ताच कापड घे."

"थांब रे. माझी अक्कल! म्हयनोभर ह्यो कोट घालून बांगड्याची रापण ओढलंय."

"फाटलो?"

"फाटता खंयचो! कापड टिकला, बांगड्याचो वाससुद्धा टिकलो. रापणकारच नाक धरतत."

"मगे घालून हिंडतंस कित्याक?"

"बायल घरात ठेवूक देणा नाय. पण एसटीत खिडकी गावता. चल, गाडी लागली. माझ्या बाजूक बस."

"नको रे. मी उभ्यानंच येतंय."