सुन्यासाठी लिहिलेली कॉमेंट

शेतपंप चालवणारी लायब्ररी, म्हणजे इतर प्रोग्रामरनीही वापरायचा तयार कोड, आम्ही राहुरीत लिहिली. तिचं डॉक्युमेंटेशन हातानं कोण लिहितंय? कोडमध्ये आम्ही एकमेकांसाठी लिहिलेल्या टिपा, त्या कॉमेंट, उचलून टूलच ते बनवतं. मी न वाचताच ते नेवाशाच्या एका प्रोग्रामरला पाठवलं. आठवड्यात त्याचा फोन.

"मोटार जळाली, साहेब."

"वीज आल्यावर व्होल्टेज स्थिर होईपर्यंत मोटार तीस सेकंद थांबते. तो आकडा बदललात का?"

"व्हय, तीन केला."

"अहो, 'हात लावू नको' असं स्पष्ट लिहिलंय ना तिथं?"

"न्हाई. 'सुन्या, हात लावू नको' असं लिहिलंय. मी प्रकाश हाय."

फोन स्पीकरवर होता. शेजारच्या टेबलावरून आमचा सुन्या शांतपणे म्हणाला, "मी न्हाई लावला."

तेव्हापासून माझी प्रत्येक कॉमेंट 'तमाम जनतेस कळविण्यात येते की' अशीच सुरू होते.